मुंबईहून एका दिवसात चौल-रेवदंडा: जुनं बंदर सावकाश बघायचं असेल तर

खाडीकाठ

अलिबाग, काशीद, जंजिरा असा ठरलेला बेत करणाऱ्या प्रत्येकाची गाडी रेवदंड्याच्या तटातून जाते. रस्ता कोटात शिरतो, दोन्हीकडे नारळी-पोफळीच्या वाड्या लागतात, मग बाजारपेठ, मग साळावचा पूल. पाच-सात मिनिटांत सगळं मागे पडतं. आपण आत्ता एका पोर्तुगीज शहरातून आरपार गेलो हे बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही. आणि त्याच्या थोडं आधी जे चौल गेलं, ते तर या शहराहून दीड हजार वर्षांनी जुनं बंदर. ही दोन गावं आणि समोरचं कोर्लई यांना मिळून अख्खा एक दिवस द्यावा, त्यात जंजिरा-काशीद काहीही घुसवू नये, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. म्हणून हा धागा.

मी कोर्लईपासून सुरुवात करतो. साळावचा पूल ओलांडून मुरूडच्या रस्त्याला लागलं की कोर्लई गाव येतं. गावातून समुद्राच्या कडेकडेने दीपगृहापर्यंत रस्ता आहे आणि तिथून पायऱ्यांनी किल्ल्यात जाता येतं. चढ फार नाही, पण ऊन तापायच्या आत वर पोचावं, माथ्यावर सावली जवळजवळ नाहीच. किल्ला म्हणजे खाडीच्या तोंडाशी आडवी पडलेली अरुंद, लांबलचक सोंड. उत्तरेकडे तोंड करून उभं राहिलं की खाली कुंडलिकेचं मुख दिसतं, पलीकडे रेवदंड्याचे माड आणि त्यांच्यावर डोकं काढलेला सातखणी मनोरा. एका बाजूला उघडा समुद्र आपटत असतो आणि दुसऱ्या बाजूला, डोंगराच्या आडोशाला, पाणी शांत असतं. शिडाच्या जहाजांना नेमकं हेच हवं होतं. वारा अडवणारा डोंगर, आत शिरायला खाडी, खाडीतून रोह्याकडे माल नेला की पुढे घाटवाटांनी जुन्नर आणि देश. बंदर इथेच का वसलं, याचं उत्तर त्या माथ्यावर समोर मांडलेलं असतं.

मार्च १५०८ मध्ये याच पाण्यात पोर्तुगीज आरमाराने हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरचा पहिला मोठा मार खाल्ला. इजिप्तच्या मामलुक सुलतानाचा सरदार अमीर हुसेन आणि दीवचा मलिक अयाझ यांची आरमारं एकत्र येऊन चालून आली. इकडे होता पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा. माघार घेताना त्याचं जहाज कोळ्यांनी मासेमारीसाठी रोवलेल्या खांबांत अडकलं. तोफगोळ्याने पाय निकामी झाला, तरी डोलकाठीपाशी बसून तो हुकूम देत राहिला आणि तिथेच मारला गेला. पुढच्याच वर्षी त्याच्या बापाने दीवला त्याचा सूड घेतला आणि अरबी समुद्रावरची सत्ता पोर्तुगीजांकडे गेली. एवढ्या मोठ्या घडामोडीच्या मधोमध कुणा कोळ्याने रोवलेला खांब उभा आहे, ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. कोकणच्या खाड्यांत डोलजाळी आजही खांबांनाच बांधतात. कोर्लईवरून खाली बघताना डोळे आपोआप ते शोधायला लागतात.

किल्ला निजामशाहीने १५९४ साली बांधायला घेतला आणि पोर्तुगीजांनी त्याच वर्षी तो जिंकून घेतला. रेवदंड्याच्या ऐन समोर, खाडीच्या तोंडावर दुसऱ्याच्या तोफा बसणं त्यांना परवडणारंच नव्हतं. आत छप्पर उडालेलं चर्च आहे, पोर्तुगीज लेख कोरलेल्या शिळा आहेत, एकामागून एक दरवाजे आहेत. सोंडेच्या टोकापर्यंत चालत जा. बरेचजण चर्चपाशी फोटो काढून परततात आणि किल्ल्याचा निम्मा भाग बघायचा राहून जातो.

दुपारी रेवदंडा. निजामशाहाकडून परवानगी घेऊन पोर्तुगीजांनी १५२१ साली इथे गढीचं काम काढलं आणि पुढे अख्ख्या वसाहतीभोवती तट उभा केला. आतली चर्चं, मठ, घरं सगळी वाड्यांमध्ये विखुरली आहेत. सातखणी मनोरा आधी बघा. हा फ्रान्सिस्कन चर्चचा मनोरा. वरचे मजले ढासळलेत, पायथ्याशी तोफा पडल्या आहेत. तिथून किनाऱ्यावर उतरून तटाच्या बाहेरून चाला. तो समुद्राकडचा तट मला या सगळ्या दिवसातला सगळ्यात देखणा भाग वाटतो. काळा दगड, सांध्यांत चुना, वरून वडाच्या मुळ्या उतरलेल्या आणि पायाखाली काळसर वाळू.

संध्याकाळी चौल. पोर्तुगीज कागदपत्रांत दोन चौल आहेत, वरचं आणि खालचं. खालचं म्हणजे रेवदंडा, पोर्तुगीजांचं. वरचं आधीपासूनचं, निजामशाहीतलं, विणकरांचं आणि व्यापाऱ्यांचं. तिथे रामेश्वराच्या देवळापाशी पुष्करणीच्या पायरीवर दिवस संपवावा.

कुणी अलीकडे जाऊन आलं असेल तर भर घाला.

मेधा_ठाणे

धागा फार आवडला, बुकमार्क केलाय. आम्ही पुढच्या महिन्यात जायचं म्हणतोय. बरोबर आई आहे, वय ६८, गुडघे दुखतात. चौलची शीतलादेवी आमची कुलस्वामिनी, त्यामुळे तिला तिथे न्यायचंच आहे. कोर्लई तिला झेपेल का? आणि आमच्याकडे गाडी नाही. बोट, एसटी, रिक्षा असं करून एका दिवसात जमेल?

पाणपोई

मेधाताई, गाडी नसेल तर गेटवेहून मांडव्याची लाँच. तिकिटातच मांडवा ते अलिबाग बस असते. अलिबाग स्टँडवरून रेवदंडा आणि मुरूडच्या एसट्या मिळतात, शिवाय रेवदंड्याच्या रिक्षाही. अलिबागहून रेवदंडा साधारण १७ किलोमीटर. पण तिन्ही ठिकाणं करायची आणि आई बरोबर आहे, तर अलिबागहून दिवसभरासाठी रिक्षा ठरवा, हे माझं स्पष्ट मत. एसटीची वाट बघण्यात तासन्‌तास जातात आणि चौलमधली देवळं मुख्य रस्त्यापासून आत आहेत.

गाडी घेऊन जाणाऱ्यांसाठी: भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो आहे, मार्च २०२० पासून. गाडी बोटीत चढवायची, तासाभरात मांडवा. वडखळच्या ट्रॅफिकमध्ये सकाळ घालवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. पावसाळ्यात गेटवेच्या लाँची बंद असतात, तेव्हा तो बेत करू नका.

गेटवेहून पहिली लाँच पकडा. परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ जातानाच खिडकीवर विचारून ठेवा. संध्याकाळी चौलमध्ये रेंगाळलात तर ती हमखास चुकते, मग अलिबागहून पनवेलची एसटी.

शिलालेख

खाडीकाठ, लिहिलंय सुरेख, पण क्रमावर माझा आक्षेप आहे. तुमचा दिवस १५०८ पासून सुरू होतो आणि चौल संध्याकाळी, दमल्यावर. असं केलं की चौलचा इतिहास म्हणजे पोर्तुगीज आणि मागे थोडी देवळं, असा समज घेऊन माणूस घरी जातो.

हे बंदर पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशांच्या 'पेरिप्लस' या सागरी मार्गदर्शिकेत आहे. कल्याणनंतर दक्षिणेकडे जाताना लागणाऱ्या बाजारपेठांत पहिलं नाव याचंच. टॉलेमी या प्राचीन भूगोलकाराकडे आहे. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांमध्ये चेमुलचे, म्हणजे चौलचे, लोक आहेत. डेक्कन कॉलेजच्या उत्खननांत इथे सातवाहन काळाचे अवशेष मिळाले. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अरब प्रवासी अल-मसुदी इथे आला तेव्हा शिलाहार राजा झंझ याचं राज्य होतं. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले आणि इथेच स्थायिक झालेले हजारो मुसलमान त्याला भेटले. त्यांचे आपसातले व्यवहार बघायला त्यांच्यातलाच प्रमुख राजाने नेमलेला होता. वास्को द गामा यायच्या सहाशे वर्षं आधी या गावात ही व्यवस्था लागलेली होती!

म्हणून माझं म्हणणं, अलिबागहून निघाल्यावर आधी आक्षीला थांबा. वाटेवरच आहे. तिथला शिलालेख डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा असा वाचला. मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांत त्याची गणना होते. मराठी वाचणाऱ्या माणसाने त्याच्यासमोरून न थांबता पुढे जाऊ नये. मग चौल, हिंगळाजच्या टेकडीवरची लेणी, रामेश्वर, सराईतला हमामखाना. तिथून रेवदंडा आणि शेवटी कोर्लई. काळाच्या ओघानेच जायचं.

खाडीकाठ

शिलालेख, आक्षी मी लिहायलाच हवं होतं, आभार. झंझ राजाचा मुद्दाही शंभर टक्के मान्य. पण क्रम मी बदलणार नाही. काळाच्या ओघाने जायचं तर आधी जे बघायचं ते चौलमध्ये डोळ्यांना दिसतच नाही. सातवाहनांचं बंदर शेताखाली आहे. शिलाहारांचं गाव वाड्यांखाली आहे. ज्याने आधी काही वाचलेलं नाही असा माणूस सकाळी नऊला चौलमध्ये उतरला तर त्याला दिसतात नारळाची झाडं आणि तळी. तोच माणूस आधी कोर्लईच्या माथ्यावरून खाडीचा आकार बघून आला, की चौल आज पाण्यापासून आत का वाटतं हा प्रश्न त्याचा त्यालाच पडतो. खाडीचे फाटे गाळाने भरत गेले आणि जमीन पुढे सरकली. त्यानंतर हमामखान्याची घुमटी, कलावंतिणीचा वाडा, राजकोटाचे अवशेष या सगळ्यांना अर्थ येतो.

आणि दुसरं, साधं कारण. कोर्लईला दुपारी दोनला चढून बघा.

शिलालेख

उन्हाचा मुद्दा मान्य. :) बाकी मतभेद कायम.

आगरातला

मी रेवदंड्याचाच, घर कोटात. तुम्ही सगळे आमच्या गावाबद्दल एवढ्या आपुलकीने लिहिताय, बरं वाटलं. दोन-चार गोष्टी आमच्या बाजूने.

कोटातली पडकी चर्चं आणि मठ बरेचसे कुणाच्या ना कुणाच्या वाडीत किंवा वाडीला लागून आहेत. वाडी म्हणजे आमचं पोट आहे. फाटक ढकलून आत शिरू नका, बाहेरून हाक मारा, "येऊ का आत?" एवढंच विचारा. कुणी नाही म्हणत नाही. उलट घरातलं कुणीतरी बरोबर येऊन दाखवतं, कारण वाट आम्हालाच माहीत असते. अंगणात सुपारी वाळत घातलेली असते, तिच्यावरून चालू नका. माडाखाली उभं राहून फोटो काढू नका. वरून झाप किंवा नारळ पडला तर डोकं फुटतं, ही गंमत नाही.

पावसाळ्यात आणि नंतर दिवाळीपर्यंत कोटातल्या अवशेषांवर रान माजलेलं असतं. विंचू-काटा असतो. नोव्हेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत यावं, वाटा मोकळ्या होतात.

सातखणीवर चढायचा प्रयत्न कृपा करून करू नका. आतले मजले गेलेले आहेत, नुसत्या भिंती उभ्या आहेत. पोरं व्हिडिओसाठी बाजूच्या भिंतींवर चढतात आणि दरवेळी एखादा दगड निखळतो. चारशे वर्षांचा चुना आहे तो, आता पकड राहिलेली नाही. दगडावर नावं कोरणाऱ्यांबद्दल तर काय बोलणार. आमच्या आजोबांच्या पिढीने ही भिंत वाडीचं कुंपण म्हणून सांभाळली, म्हणून ती आज तुम्हाला बघायला मिळतेय.

एक बघाच: अलिबागच्या बाजूने कोटात शिरताना गाडी बाहेर लावा आणि वेशीतून चालत आत या. कमानीवर पोर्तुगीज राजचिन्ह कोरलेलं आहे. गाडीतून ते कधीच दिसत नाही. भिंतीची जाडी किती आहे तेही चालतानाच कळतं.

मेधाताई, आईंना कोर्लईवर नेऊ नका. रेवदंड्यात सातखणीपर्यंत येतील. किनाऱ्यावर येतील, पण वाळूत चालायचा त्रास होईल. शीतलादेवी आणि रामेश्वर दोन्हीकडे देवळाजवळ रिक्षा जाते. दत्ताचा डोंगर खालूनच हात जोडून. पायऱ्या खूप आहेत.

तिसरा_समुद्र

रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात अफानासी निकितिनचं स्मारक आहे, त्याबद्दल अजून कुणीच कसं लिहिलं नाही?

रशियातल्या त्वेरचा व्यापारी. १४६९ साली होर्मुझकडून समुद्रमार्गे चौलला उतरला, बरोबर विकायला आणलेला एक घोडा. वास्को द गामाच्या जवळजवळ तीस वर्षं आधी! दख्खनच्या सुलतानांना घोडे हवे असत आणि ते याच बंदरांतून उतरत, म्हणून त्याने आपली सगळी पुंजी त्या एका जनावरात घातली होती. चौलचं वर्णन त्याने लिहून ठेवलंय. लोक डोकं आणि अंग उघडं ठेवून हिंडतात, केसांची एक वेणी घालतात, आणि मी जाईन तिथे गोऱ्या माणसाचं नवल करत माणसं मागे येतात, असं.

पुढे पालीवरून जुन्नरला गेला आणि पावसाळ्यात अडकला. चार महिने चिखल आणि पाणी. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला. धर्म बदललास तर घोडा देतो, वर हजार मोहरा देतो, असं म्हणाला. खुरासानच्या एका मुसलमान व्यापाऱ्याने खानाकडे जाऊन रदबदली केली, त्याला धर्म बदलायला लागू दिलं नाही आणि घोडाही सोडवून आणला. एका परक्या ख्रिस्ती माणसासाठी एका मुसलमानाने जुन्नरात केलेली ही मध्यस्थी मला त्याच्या सगळ्या प्रवासातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. घोडा त्याने पुढे बिदरला विकला. परतीला दाभोळहून बोट धरली, पण घरी पोचण्याआधी स्मोलेन्स्कजवळ वारला. त्याची वही मागे उरली म्हणून आपल्याला हे कळलं.

स्मारक २००२ सालचं, साधाच स्तंभ आहे. शाळा चालू असेल तर परवानगी मागून आत जा. मुलांना घेऊन जाणार असाल तर घोड्याची गोष्ट आदल्या रात्री सांगून ठेवा, मग बघा ती स्तंभापाशी कशी उभी राहतात.

मेधा_ठाणे

घोड्याची गोष्ट लेकीला आजच सांगितली. तिचा पहिला प्रश्न, "घोड्याला बोटीत लागलं नाही का?" आता स्मारक बेतात पक्कं.

ससून_डॉक

कोर्लई गावाबद्दल थोडं. किल्ला बघून तसेच परत फिरू नका. गावात ख्रिस्ती वस्ती आहे, माउंट कार्मेलचं चर्च आहे, आणि तिथली माणसं घरात पोर्तुगीजमधून घडलेली एक वेगळीच बोली बोलतात. बोलणारे आता हजाराच्या आतबाहेरच असतील. पोर्तुगीज सत्ता १७४० मध्ये गेली, पाद्री गेले, सैनिक गेले, मागे राहिलेल्या या कुटुंबांनी पावणेतीनशे वर्षांहून जास्त काळ ती घरात जपली. बाहेर मराठी, शाळेत मराठी, बाजारात मराठी, आणि चुलीपाशी ही.

माझी एकच विनंती आहे. गावात जाऊन "जरा तुमच्या भाषेत बोलून दाखवा" असं करू नका. मासळी घ्या, थांबा, मराठीत गप्पा मारा. बाया आपसात बोलायला लागल्या की आपोआप कानावर पडते. भाव करताना मराठी आणि एकमेकींना सांगताना ती, असं सरसर बदलत जातं. मला एक शब्द कळला नाही तरी त्या ओट्यावरून उठवत नव्हतं.

लोदची_सून

इस्रायलहून लिहितेय. आमचं घराणं बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळ अष्टागरातलं, अलिबागच्या या किनारपट्टीतलं. आमच्यात किहीमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी गावांवरून आडनावं आहेत तसे चेऊलकरही आहेत. माझ्या सासूबाई आजही घरात मराठी बोलतात आणि आवळेभोपळ्यासारख्या गोष्टीसाठी हिब्रू शब्द वापरायला साफ नकार देतात.

रेवदंड्यात आमचं सिनेगॉग आहे, बेथ एल. आता गावात आमची वस्ती जवळपास उरली नाही, पण इथून भारतात जाणारे बरेचजण तिथे जाऊन येतात. आमच्या पूर्वजांचं गलबत नवगावजवळ फुटलं आणि वाचलेली माणसं किनाऱ्याला लागली, अशी आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी हकिगत आहे. नवगावला ती जुनी दफनभूमी आणि स्मारक आहे. मांडव्याहून अलिबागला येताना वाट थोडी वाकडी केली की बघून होतं. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावाने आम्हाला शनवार तेली म्हटलं आणि सांभाळून घेतलं. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हनाबीचा, म्हणजे एलिया प्रेषिताचा, टापा आहे. तिथे नवस फेडायला, मलिदा करायला आमची माणसं आजही इतक्या लांबून येतात. पोहे, ओला नारळ, गूळ, फळं. कोकणातलाच प्रसाद आहे तो.

धागाकर्त्यांना एवढंच सांगायचं होतं, की चौलच्या दिवसात आमचंही एक थांबण्याचं ठिकाण धरा.

खाडीकाठ

ताई, धरलं. पहिल्या पोस्टमध्ये हे नसणं म्हणजे चौल अर्धंच सांगणं झालं असतं. अरब, रशियन, पोर्तुगीज, बेने इस्रायल, सगळे एकाच खाडीला लागले.

तटबंदी

लष्करी बाजूने एक प्रश्न पडतो. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशाहाने प्रचंड फौज घेऊन रेवदंड्याच्या कोटाला वेढा घातला, काही महिने तोफा डागल्या, त्याच वेळी आदिलशाहाने गोव्याला वेढा घातला होता. तरी दोन्ही ठिकाणं पडली नाहीत. मग १६८३ मध्ये संभाजीराजांनी वेढा घातला, तेव्हाही कोट टिकला. आणि १७४० मध्ये मात्र मराठ्यांना मिळाला. असं का?

खाडीकाठ

तटबंदी, किनाऱ्यावर तटाच्या बाहेरून चाललात की निम्मं उत्तर मिळतं. वेढा जमिनीकडून पडतो, समुद्र उघडा राहतो. गोव्याहून, वसईहून गलबतं येत राहिली, दाणागोटा आणि माणसं उतरत राहिली. निजामशाहाकडे त्या तोडीचं आरमार नव्हतं. जोवर मागचा समुद्र आपला आहे तोवर असा कोट उपाशी मारता येत नाही.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि तो आधारच गेला. उत्तर कोकणातली पोर्तुगीज सत्ता संपल्यावर एकटं चौल सांभाळण्यात अर्थ उरला नाही. १७४० च्या तहात चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. चौल वसईत पडलं, असं मी तरी म्हणेन. आणि व्यापार तर त्याच्याही आधी, मुंबई इंग्रजांकडे जाऊन वाढायला लागली तेव्हापासून हळूहळू तिकडे सरकत होता. मोठ्या जहाजांना मुंबईचं खोल पाणी होतं, इथे गाळ होता.

पुरणाची_वाटी

इतिहास झाला, आता जेवणाचं बोलू. :)

रेवदंडा-चौल-नागाव पट्ट्यात घरगुती खानावळी भरपूर, पण आदल्या दिवशी फोन करून सांगावं लागतं. ऐनवेळी गेलात तर जे उरलंय ते मिळतं. सांगून गेलात तर तांदळाची भाकरी, त्या दिवशीची मासळी, सोलकढी. शाकाहारी असाल तर वालाचं बिरडं मागा. थंडीत गेलात तर पोपटीची चौकशी नक्की करा. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, चिकन घालून, भांबुर्ड्याचा पाला दाबून, मडकं उलटं करून भोवती जाळ करतात. पाणी नाही, तेल नाही. मडकं उघडल्यावर भांबुर्ड्याचा जो वास सुटतो तो दुसऱ्या कशालाच येत नाही. पण पोपटी रात्रीची असते, म्हणजे मुक्काम आला.

उन्हाळ्याच्या तोंडावर येताना पांढऱ्या कांद्याच्या माळा. अलिबागचाच आहे ना हे विचारून घ्या, रस्त्यावर बाहेरचाही विकतात.

आगरातला

पुरणाची_वाटी, मार्गशीर्ष पौर्णिमेपासून पाच दिवस दत्ताची जत्रा असते चौल-भोवाळ्याला. तेव्हा आलात तर जत्रेत खायलाच दिवस पुरत नाही. पण कोट आणि देवळं निवांत बघायची असतील तर नेमके ते पाच दिवस टाळा, रस्त्याला पाय ठेवायला जागा नसते.

रामेश्वराबद्दल एक राहिलं. मंडपात जमिनीखाली तीन कुंडं आहेत: पर्जन्य, अग्नी आणि वायू. वरून झाकलेली असतात. दुष्काळ पडला की गावाने जमून पर्जन्यकुंड उघडायचं आणि पाऊस येतो, अशी जुनी श्रद्धा आहे. देवळात गेल्यावर पुजाऱ्यांना विचारा, ते जागा दाखवतात. नाहीतर लोक त्यावरूनच चालत जाऊन नमस्कार करून येतात.

मेधा_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. बेत ठरला. पहिली लाँच, अलिबागहून दिवसाची रिक्षा. मी आणि लेक कोर्लईवर जाणार. तेवढा वेळ आई आणि आमचे हे कोर्लई गावात, चर्चपाशी आणि कोळीवाड्यात. मग जेवण, रेवदंडा, स्मारक, शेवटी शीतलादेवी आणि रामेश्वर. नवगावसाठी पुढच्या खेपेला वेगळं येऊ.

एकच शंका. तटाच्या बाहेरून चालायला भरती-ओहोटी बघावी लागेल ना? ती कशी काढायची? आम्ही जातोय तो दिवस द्वादशीचा आहे.

आगरातला

सोप्पं आहे ताई. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. द्वादशी म्हणजे बारा, बाराची पाऊणपट नऊ. म्हणजे सकाळी नऊच्या सुमाराला पूर्ण भरती आणि सहा तासांनी, तीनच्या आसपास, ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. द्वादशी म्हणजे उधाण जवळ आलेलं, भांगाचे (पाणी कमी चढण्या-उतरण्याचे) दिवस नाहीत, त्यामुळे पाणी चांगलं लांब जाईल.

तुमच्या बेताला हे बरोबर बसतंय. सकाळी कोर्लईवरून भरलेली खाडी बघायला मिळेल. जेवून अडीचपर्यंत किनाऱ्यावर या, तटाच्या कडेने चालायला तासभर मिळतो. चारनंतर पाणी चढायला लागलं की उगाच पुढे जाऊ नका, मागे फिरा. आईंना सातखणीपाशी सावलीत बसवा, तिथे शेजारच्या वाडीत शहाळी मिळतात.

मेधा_ठाणे

लिहून घेतलं, अडीच वाजता किनाऱ्यावर. आल्यावर इथेच फोटो टाकते.